चाखून सांग, बेल्हे!

औटी सिस्टरांनी स्वतः कधी कुणाची भाजी चाखली नाही, पण दुसऱ्याला चाखायला लावल्याशिवाय कुणाला सुखानं जेवूही दिलं नाही. आमच्या नर्सिंग स्कूलच्या मेसमध्ये ताटं वाढून झाली की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. सगळ्या पोरींवरून नजर फिरवायच्या आणि बहुतेक वेळा ती नजर माझ्यावर येऊन थांबायची.

"चाखून सांग, बेल्हे. मीठ हाय का?"

बेल्हे म्हणजे मी. माझं नाव शैला, पण आईबापानं ठेवलेलं नाव सिस्टरांच्या लेखी फक्त हजेरीच्या वहीपुरतं होतं. त्या पोरींना गावाच्या नावानं हाक मारायच्या. "घाटघर, खिडकी लाव." "मंचर, फळा पूस." आमच्या बेल्ह्याचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध, त्यामुळे बाजाराच्या दिवशी माझी हमखास हजेरी घेतली जायची. "काय बेल्हे, बैलांना मीठ चाटवता ना गं तुमच्यात? बघा, जनावराला कळतं, माणसाला कळत नाय." वर्गभर पोरी हसायच्या आणि मी मान खाली घालून वहीत बैल काढत बसायची.

एकदा मुंबईहून शाळेच्या तपासणीला एक बाई आल्या. प्राचार्यांनी बटाट्याची भाजी, पुरी, श्रीखंड असा बेत केला होता. बाईंनी पहिला घास उचलला आणि कोपऱ्यातून आवाज आला, "थांबा!" बाईंच्या हातून पुरी खाली पडली. "बेल्हे, चाख आधी." मी पुढं गेले आणि सरकारी तपासणीच्या ताटातली भाजी चाखली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना वाटलं, इथं विषबिष घालायची पद्धत आहे की काय. "मीठ हाय," मी म्हणाले. "हां, मग जेवा," सिस्टर म्हणाल्या. प्राचार्यांनी त्या दिवशी श्रीखंडाला हात लावला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमची शाळा नारायणगावच्या अलीकडे होती. खाली खतांचं दुकान, वर आमचे वर्ग आणि त्यावर गच्ची. औटी सिस्टर आम्हाला मानसिक आजारांच्या रुग्णांची शुश्रूषा शिकवायच्या. पन्नाशीच्या आसपासचं वय, कडक इस्त्रीची पांढरी साडी, लग्न केलेलं नव्हतं. औषधांच्या दुष्परिणामांना त्या 'खोड्या' म्हणायच्या. "गोळी ही कामाला ठेवलेल्या गड्यासारखी. काम चोख करती, पण चार खोड्या संगं घेऊन येती. काम पुस्तकात लिहिलंय, खोड्या पेशंटच्या अंगावर लिहिल्यात. त्या वाचायला शिका."

आणि वाचायला शिकवायची त्यांची पद्धत अशी की देवा वाचव. क्लोरप्रोमाझिननं तोंड कोरडं पडतं, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. सिस्टरांनी आम्हा चौदा जणींच्या तोंडात कापसाचे बोळे भरले आणि एकेकीला उठवून धडा मोठ्यानं वाचायला लावला. हॅलोपेरिडॉलनं अंग ताठरतं आणि चाल बदलते, हे शिकवायला आम्हाला गच्चीवर नेलं आणि हात अंगाला चिकटवून, चेहरा दगडासारखा ठेवून, लहान लहान पावलं टाकत अर्धा तास फिरवलं. खाली युरिया न्यायला आलेले शेतकरी पोती टाकून वर बघत राहिले. एकानं दुकानदाराला विचारलेलं मला अजून आठवतं, "राव, वरच्या पोरींना काय झालंय? कुणी काय केलं का काय?"

काही गोळ्यांनी माणसाच्या पायांना चैन पडत नाही, बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. त्यासाठी अख्खा तास आम्ही बाकावरून उठत होतो आणि बसत होतो. "असं दिवसभर झालं तर कसं वाटंल?" सिस्टरांनी विचारलं. "मरून जावंसं वाटेल," घाटघरची पोरगी धापा टाकत म्हणाली. "मग पेशंट येरझाऱ्या घालायला लागला तर त्याला गप बस म्हणून ओरडायचं नाय. डॉक्टरला सांगायचं." पुढं तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला हॅलोपेरिडॉलचे दुष्परिणाम विचारले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खोड्या ना सर?" हे खापर मी अजून सिस्टरांच्याच डोक्यावर फोडते.

पण सगळ्यात जास्त छळ लिथियमचा. मन कधी आभाळात तर कधी पाताळात जाणाऱ्या रुग्णांना ही गोळी देतात. इतर औषधं एका दिवसात उरकणाऱ्या सिस्टर लिथियमला तीन दिवस घ्यायच्या. "मीठ आणि लिथियम, दोघांचा शरीरातनं बाहेर जायचा दरवाजा एकच. त्या दरवाजावर मूत्रपिंड बसलंय. जेवणात मीठ कमी पडलं की ते घाबरतं आणि मीठ धरून ठेवायच्या नादात लिथियम बी धरून ठेवतं. मग तीच गोळी, तेवढीच गोळी, विष बनती. म्हणून रोज खातो तेवढं मीठ खायाचं. कमी नाय, जास्त बी नाय. काय?" मग आम्ही चौदा जणी एका सुरात, "कमी नाही, जास्त नाही."

झालं, कळलं. पण मेसमधली कुठली पोरगी लिथियम खात होती? मुंबईच्या बाई खात होत्या? एवढा अट्टहास कशासाठी, ते कुणालाच कळायचं नाही. आणि दुसऱ्याच्या ताटात एवढं लक्ष घालणारी बाई स्वतःचा डबा मात्र भिंतीकडे तोंड करून, झाकण आडवं धरून खायची. घासभर भाजी कधी कुणाला दिली नाही. एकदा मंचरच्या पोरीनं लाडात येऊन त्यांच्या डब्यात बोट घालायचा प्रयत्न केला, तर सिस्टरांनी पट्टीच मारली. चिक्कूपणाची कमाल, असं आमचं एकमत झालं होतं. मला तर या बाईचा मनापासून संताप यायचा.

तो संताप कळसाला पोचला तिसऱ्या वर्षी. प्रत्येकीनं एका रुग्णाचा अभ्यास करून जर्नल लिहायचं आणि त्यावर सिस्टरांची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षा नाही. महिन्यातून एकदा भरणाऱ्या ओपीडीत मला बबन नावाचा रुग्ण मिळाला होता. तळेघरच्याही पुढच्या वाडीतला, चोवीस वर्षांचा, भात आणि नाचणीची शेती करणारा. आधी तीन-तीन रात्री न झोपता डोंगरात फिरायचा. लिथियम चालू झाल्यापासून शेतात कामाला लागला होता. मी बावीस पानं लिहिली, चार रंगांच्या पेनांनी तक्ते काढले. परीक्षेला दहा दिवस उरले होते.

सिस्टरांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'आहार: सर्वसाधारण.'

"हे तू बघितलंस?"

"त्याच्या आईनं सांगितलं, सिस्टर. सगळं खातो म्हणून."

"चाखलंस?"

"सिस्टर, तळेघर कुठं, आपण कुठं! मी त्याच्या घरी जाऊन आमटी चाखू?"

त्यांनी लाल पेनानं ती ओळ खोडली. माझ्या चार रंगांच्या जर्नलमध्ये पाचवा रंग. "जे चाखलं नाय ते लिहायचं नाय. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी बी येते."

त्या रात्री मी हॉस्टेलवर एवढी चिडले होते की जेवले नाही. मेसमधल्या मावशींनी विचारलं, "मीठ कमी हाय का?" मी त्यांच्यावरही खेकसले.

सकाळी एस.टी. बदलत बदलत आम्ही तळेघरला उतरलो आणि पुढं चालायला लागलो. सिस्टर पांढरी साडी आणि पांढरे बूट घालून त्या पायवाटेनं पुढं, मी जर्नलची पिशवी घेऊन मागं. भाताची झोडणी चालू होती. खळ्यावरची माणसं हातातले पेंढे तसेच धरून आमच्याकडे बघत होती. "कुठं निघालात बाई? पोलिओचा डोस हाय का?" एकानं विचारलं. "मीठ बघायला," सिस्टर म्हणाल्या. त्या माणसानं पुढं काही विचारलं नाही. मनातल्या मनात त्यांना सगळ्या ठाऊक शिव्या घालून झाल्या होत्या आणि आता मी नव्या शोधत होते.

बबनच्या घरी पोचलो तेव्हा तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. आम्हाला बघून उठायला गेला आणि झोकांडी खाऊन परत खाली बसला. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला तर हात असा थडथडला की निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. काहीतरी बोलला, पण शब्द जडावलेले होते.

त्याची आई बाहेर आली. "चार दिस झालं बाई, वकाऱ्या काढतोय, जुलाब व्हतात. चालतोय तर दारू प्याल्यावानी. लोकं म्हनत्यात गोळीनंच झालंय, बंद कर. पन म्या नाय बंद केली. तुमी सांगितल्यापरमानं टायमात देते. आज सकाळची बी दिली."

सिस्टरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "बेल्हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चुलीवर काय हाय बघ. चाख."

चुलीवर नाचणीची पेज आणि वरईचा भात होता, बाजूला उडदाचं कालवण. मी बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं. तीन वर्षं ज्या प्रश्नाची मी टिंगल करत आले होते, त्याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"सिस्टर, मीठ नाही. कशातच नाही."

"नाय ना," बबनची आई अभिमानानं म्हणाली. "दसऱ्यापास्नं मीठ सोडलंया. देवाला बोललेय, पोरगं पुरतं बरं होईस्तवर आळणी खाईन. चूल येक, भांडं येक, मंग समद्यांचंच आळणी केलं."

ज्या माउलीनं पोरासाठी मीठ सोडलं, तीच रोज टायमात गोळी देऊन त्याच्या अंगात विष साठवत होती, आणि दोन्ही मायेपोटी. हे तिला कसं सांगायचं, मला कळेना. सिस्टरांनी मात्र वेळ घालवला नाही. आता एकही गोळी द्यायची नाही, असं त्यांनी बजावलं आणि शेजारच्या माणसाला तळेघरला जीप बघायला पिटाळलं. मग त्या आईसमोर उकिडव्या बसल्या.

"मावशी, तुमचं काय चुकलं नाय. पण या गोळीवर पोरगं असताना घरात आळणी चालत नाय. आता दवाखान्यात नीट होईल, पण घरी आल्यावर त्याच्या पोटात मीठ गेलंच पायजे. नवस सोडा."

"न्हाय वो बाई!" ती दोन पावलं मागं सरकली. "देवाला बोललेलं कसं मोडू? मोडलं आन त्याला काय झालं तर? तुमी भरनार का?"

"त्याला वेगळं शिजवा मग," मी मध्येच बोलले.

"आन म्या आळणी खाल्लेलं त्याच्या देखत? त्यो खाईल व्हय येकला?"

मला वाटलं, आता सिस्टर ओरडतील. पण त्यांनी आपला तळहात पुढं केला.

"मोडू नका. मला द्या."

"काय देऊ?"

"तुमचं आळणी. आमच्या नर्सिंगमध्ये असतं असं. एकीची ड्यूटी संपली की दुसरी येती, पेशंटची सगळी माहिती घेती आणि पुढचं सांभाळती. ओव्हर घेणं म्हणतात त्याला. तुमची ड्यूटी संपली. बबन पुरता बरा होईस्तवर तुमच्या नावाचं मीठ मी सोडते. देवाला सांगा, माणूस बदललं, नवस तोच हाय."

बबनच्या आईनं त्या तळहाताकडे बघितलं. "तुमी खरंच पाळचाल?"

"पाळीन."

मग ती आत गेली, मडक्यातून चिमूटभर मीठ आणून सिस्टरांच्या हातावर ठेवलं, देवाच्या कोनाड्याकडे बघून हात जोडले आणि हुंदका देऊन रडली. सिस्टरांनी ते मीठ तिला परत दिलं. "आता हे तुमच्या जिभेवर ठेवा." तिनं ठेवलं.

मी बाजूला उभी राहून विचार करत होते, काय पण थाप मारलीय! खेड्यातल्या भाबड्या बाईला देवाच्या नावानं फसवलं. उद्या सिस्टर स्वतःच्या डब्यात मीठ घालून खाणारच. पण थाप लागू पडली होती खरी.

जीप आली. बबनला दवाखान्यात दाखल केलं, सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. तिथले डॉक्टर म्हणाले की अजून दोन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. 'आहार: सर्वसाधारण' अशी ओळ मी किती सुंदर अक्षरात लिहिली होती.

संध्याकाळ झाली होती. सिस्टर म्हणाल्या, "सकाळपास्नं उपाशी हायस. जुन्नरला माझ्या घरी चल, जेव." तीन वर्षांत त्यांचं घर कुणी पाहिलं नव्हतं. जायची मला काडीची इच्छा नव्हती, पण भूक होती.

दोन खोल्यांचं घर. पायरीवर चाळिशीचा एक माणूस भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. त्याचे हात थरथरत होते, निम्मे दाणे टोपलीच्या बाहेर पडत होते. "माझा भाऊ, दत्तू," सिस्टर म्हणाल्या. "दत्तू, ही बेल्हे." तो एकेक शब्द जोडत म्हणाला, "बाजार... मोठा... असतो." मी हो म्हणाले.

आत सिस्टरांनी स्टोव्हवर आमटी टाकली. उकळी आल्यावर त्यातली एक वाटीभर बाजूला काढली आणि मग पातेल्यात मीठ घातलं.

"सिस्टर, त्या वाटीत मीठ राहिलं."

"राहिलं नाय," त्या म्हणाल्या. बाहेर भाऊ आहे याचा अंदाज घेऊन त्यांनी आवाज खाली आणला. "ती माझी."

त्या भाकरी थापत थापत बोलत होत्या. "दत्तू आजारी पडला तेव्हा मी नवी नर्स व्हते. त्याला लिथियम चालू झालं आणि मी देवाला बोलले, हा बरा होईस्तवर मीठ खाणार नाय. त्याच्या जेवणात बरोबर मीठ घालायची, माझं वेगळं काढायची. पण त्याला कळलं. ताई माझ्यापायी आळणी खाती म्हणल्यावर यानं काय करावं? आपलं ताट मांजराला घालायचा आणि मी ड्यूटीवर गेले की माझ्या पातेल्यातलं खायचा. महिनाभर. गोळी मी माझ्या हातानं देत व्हते. मला कळलं कधी, तर त्याला शुद्ध नव्हती तेव्हा. जीव वाचला. हात आणि बोलणं असं राहिलं. दुसऱ्या गोळ्या करून बघितल्या, त्या लागू पडल्या नाय. शेवटी तीच गोळी कमी करून चालू हाय."

"मग तुम्ही अजून का..."

"त्याला सांगितलंय, सोडला नवस म्हणून. मला सगळं कळतं गं, मीच शिकवते ना तुम्हाला. पण मोडलं आणि याला परत काय झालं तर? तेवढं धाडस माझ्यात नाय."

"आणि आज त्या मावशींचं घेतलंत ते?"

"माझं चालूच हाय. त्यात तिचं बसलं. वेगळं काय करायचंय?"

मला रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला. एवढी शिकलेली बाई, तीन दिवस लिथियम शिकवणारी, आणि हा वेडेपणा! भिंतीकडे तोंड करून खाल्लेले ते सगळे डबे माझ्या डोळ्यांसमोर आले. दिवसभर जिला मी थापाडी ठरवलं होतं, ती एकटीच खरं बोलत होती.

तीन ताटं वाढली. सिस्टरांनी आपल्या ताटात वरच्या बाजूला ठसठशीत चिमूटभर मीठ वाढून घेतलं, कुणालाही दिसेल असं. दत्तूनं भाकरीला हात लावला नाही. तो बहिणीच्या वाटीकडे बघत होता.

"ताई... मीठ?"

"हे काय, ताटात."

"आमटीत?"

"हाय की रे. जेव आता, गार होतंय."

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं थरथरत्या हातानं ती वाटी उचलली, थोडी सांडली, आणि माझ्यासमोर ठेवली. "तुमी... चाखून सांगा."

तीन वर्षं हा हुकूम मी सिस्टरांच्या तोंडून ऐकला होता. आज पहिल्यांदाच सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या विझलेल्या स्टोव्हकडे बघत होत्या. मी भाकरीचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला आणि तोंडात टाकला. नुसती शिजलेली डाळ होती. मी ती सावकाश चावली, कारण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मीठ बरोबर आहे," मी म्हणाले. "उलट जरा जास्तच झालंय."

दत्तूच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्यानं भाकरी मोडली आणि जेवायला लागला. सिस्टरांनी वाटी आपल्याकडे ओढून घेतली. दोन घास झाल्यावर, मान वर न करता, त्या म्हणाल्या,

"बेल्हे, जेवण झालं की जर्नल काढ. सही करते."